खेळातील पात्राचे चित्र

चित्रकला, छायाचित्रण आणि नाट्य या तीन कला आपण निरनिराळ्या मानतो. परंतु या तिन्हींचा थोडा थोडा अंश ज्यात एकत्र आला आहे, असा एक छंद अलीकडे आपल्यापैकी पुष्कळांना लागलेला आहे. संगणकावर किंवा मोबाइलवर जे ऑनलाइन खेळ खेळले जातात, त्यांत प्रत्येक खेळाडूला एक पात्र मिळते. त्या पात्राला तो नाव देतो, वेष देतो, त्याला डोंगर-दऱ्यांतून हिंडवतो. आणि मधेच एखाद्या क्षणी पडद्यावरचे दृश्य जसेच्या तसे टिपून ठेवतो. या टिपलेल्या चित्रालाच स्क्रीनशॉट म्हणतात.

घरातील वडील मंडळी या छंदाकडे बहुधा कपाळाला आठ्या घालूनच पाहतात. एका अर्थी त्यांचे म्हणणे बरोबर आहे. काहीही विचार न करता दिवसाला पन्नास चित्रे टिपली आणि त्यांतले एकही पुन्हा पाहिले नाही, तर तो वेळेचा अपव्ययच होय. परंतु तेच चित्र विचारपूर्वक घेतले, तर त्यातून पाहण्याचे शिक्षण मिळते. पात्र कोठे उभे करावे, प्रकाश कोठून यावा, चौकटीत काय ठेवावे आणि काय वगळावे, हे चार निर्णय ज्याला घेता येतात त्याला चित्र घेता येते. चित्राचा जीव या निवडीत असतो. यंत्राच्या किमतीत किंवा पात्राच्या महागड्या पोशाखात तो नसतो. हेच या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

आपल्या प्रांतातील परंपरा

व्यक्तीचे चित्र विचारपूर्वक घेण्याची परंपरा आपल्याला परकी नाही. आपल्या सांवेरपासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या इंदूर शहरात तिचा एक मोठा आरंभ झाला. लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मीरतजवळच्या सरधना येथे झाला. रुडकीच्या थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात शिक्षण घेऊन ते १८६६ साली इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रके करण्याच्या कामावर रुजू झाले. १८७४ च्या सुमारास त्यांनी हौस म्हणून कॅमेरा हाती घेतला. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर आणि सर हेन्री डेली यांचे त्यांना उत्तेजन मिळाले. पुढे हैदराबादच्या निजामांनी त्यांना आपले दरबारी छायाचित्रकार नेमले आणि 'राजा' हा किताब दिला. १८९७ साली राणी व्हिक्टोरियाची सनदही त्यांना मिळाली. १९०५ साली त्यांचे निधन झाले.

दीनदयाळांच्या वेळचा कॅमेरा लाकडी आणि जड असे. तो तिवईवर ठेवावा लागे. प्रत्येक चित्रासाठी एक मोठी काच खर्ची पडे आणि ती वाया गेली तर पैसा आणि श्रम दोन्ही वाया जात. त्यामुळे चित्र घेण्यापूर्वीच ते कसे दिसेल याचा पूर्ण विचार करणे भाग होते. नकाशे काढणाऱ्या या माणसाला रेषा आणि प्रमाण यांची जाण आधीपासूनच होती. तीच छायाचित्रांत उपयोगी पडली. आज आपल्याला कळ दाबण्यास काहीच खर्च येत नाही. म्हणून विचार करण्याची सक्तीही उरलेली नाही. ती सक्ती आता आपली आपणच स्वतःवर घालून घ्यावी लागते.

दुसरे उदाहरणही इंदूरचेच आहे. महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांची दोन प्रसिद्ध चित्रे फ्रेंच चित्रकार बर्नार बुते द मॉन्व्हेल यांनी रंगवली. १९२९ च्या चित्रात महाराज पाश्चात्त्य पद्धतीच्या काळ्या संध्यापोशाखात उभे आहेत. १९३३-३४ च्या चित्रात तेच महाराज शुभ्र मराठा दरबारी वेषात बैठकीवर बसलेले आहेत. माणूस एकच, परंतु एका चित्रात युरोपात वावरणारा आधुनिक तरुण दिसतो आणि दुसऱ्यात होळकरांच्या गादीचा वारस. वेष तर बदललाच आहे, पण त्याबरोबर शरीराची ठेवणही बदलली आहे. उभे राहणे आणि बसणे या दोन क्रियांनीच निम्मा अर्थ सांगितला आहे.

तिसरे उदाहरण चित्रपटाचे. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली. १९१७ सालच्या 'लंकादहन' मध्ये तर याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. एकाच देहातून दोन पात्रे उभी करावयाची म्हणजे उभे राहण्याची ढब, मान, हात आणि नजर यांचा किती विचार करावा लागला असेल, याची कल्पना करा. ऑनलाइन खेळातील पात्राचे चित्र घेणारा विद्यार्थी लहान प्रमाणात हेच काम करीत असतो. तो एकाच वेळी दिग्दर्शक, वेषभूषाकार आणि छायाचित्रकार असतो.

पहिला पाठ : शरीराची ठेवण

चांगल्या पात्रचित्राची पहिली कसोटी अशी की, पात्राच्या अंगावरील सर्व तपशील पुसून त्याची नुसती काळी आकृती ठेवली, तरी ते कोण आहे आणि काय करीत आहे हे कळले पाहिजे. आपल्या देवदेवतांच्या मूर्ती घडविणाऱ्यांनी हे तत्त्व फार पूर्वीच ओळखले होते. कमरेवर दोन्ही हात ठेवून उभी असलेली आकृती दिसली की लहान मूलही 'विठोबा' म्हणते. हाताच्या तळव्यावर शिवलिंग धरलेली स्त्री दिसली की माळव्यातील कोणीही अहिल्याबाईंना ओळखतो.

आपल्या सांवेरच्या उलट्या हनुमानाचेच पाहा. मारुतीच्या मूर्ती गावोगावी आहेत. परंतु येथील शेंदरी मूर्तीचे मस्तक खाली आहे. अहिरावणाने राम-लक्ष्मणांना पाताळात नेले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी हनुमान येथूनच पाताळात उतरला, अशी आख्यायिका आहे. मूर्ती सरळ असती तर ती केवळ हनुमानाची झाली असती. उलटी असल्यामुळे ती हनुमानाच्या एका विशिष्ट पराक्रमाची झाली. ठेवणीत केलेला एक बदल संपूर्ण कथा सांगतो, याचे याहून जवळचे उदाहरण आपल्याला शोधूनही सापडणार नाही.

खेळातही हेच करावे. पात्र नुसते समोर तोंड करून उभे केले तर ते ओळखपत्रावरील चित्रासारखे दिसते. त्याला किंचित वळवावे. चालताना, वाकताना, दूर पाहताना टिपावे. हात आणि शस्त्र शरीराच्या आकृतीत मिसळून जाऊ देऊ नयेत; ते बाहेर, मोकळ्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसावेत. 'फायनल फँटसी १४' सारख्या काही खेळांत पात्रांना हवी ती ठेवण देण्याची आणि त्यांना त्या स्थितीत थांबविण्याची खास सोय केलेली असते. जेथे ती नसते, तेथे योग्य क्षणाची वाट पाहावी लागते.

दुसरा पाठ : अंतर आणि कोन

कॅमेरा पात्राच्या पायापाशी ठेवून वर पाहिले तर पात्र उंच आणि बलवान भासते. उंचावरून खाली पाहिले तर तेच एकटे आणि लहान वाटते. डोळ्यांच्या पातळीवरून पाहिले तर ते आपल्या बरोबरीचे वाटते. यांपैकी कोणता कोन चांगला, हा प्रश्नच चुकीचा आहे. आपल्याला काय सांगावयाचे आहे, यावर कोन ठरतो.

'माइनक्राफ्ट' हा खेळ आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. त्यातील पात्र चौकोनी ठोकळ्यांचे असते. त्याच्या चेहऱ्यावर आडवे ८ आणि उभे ८ असे अवघे ६४ रंगीत चौकोन असतात. असा चेहरा हसत नाही आणि रडतही नाही. तरीही त्या पात्राच्या चित्रातून आनंद किंवा एकटेपणा व्यक्त करता येतो. तो कसा? अफाट वाळवंटात दूरवर, अगदी लहानशी ती आकृती दाखवली की एकटेपणा येतो. तिलाच खिडकीतून येणाऱ्या उजेडात, घराच्या दारात उभे केले की घरी परतल्याचे समाधान दिसते. चेहरा तोच राहतो; स्थळ आणि अंतर यांनी भाव निर्माण होतो.

याच खेळाच्या संगणकावरील जावा आवृत्तीत एफ ५ ही कळ दाबली असता पात्र पाठीमागून किंवा समोरून दिसू लागते. दृश्यकोन किती रुंद असावा हे ३० पासून ११० पर्यंत ठरविता येते. नेहमीचा आकडा ७० असतो. आकडा वाढविला की दृश्य रुंद होते, मात्र कडेच्या वस्तू ताणल्यासारख्या दिसतात. आकडा कमी करून आणि थोडे दूर जाऊन चित्र घेतले, तर पात्राची प्रमाणे सुधारतात आणि मागचे डोंगर जवळ आल्यासारखे वाटतात. खऱ्या कॅमेऱ्याच्या भिंगांचा धर्मही असाच आहे. म्हणून येथे शिकलेले तेथे वाया जात नाही.

तिसरा पाठ : प्रकाश

छायाचित्र या शब्दातच छाया आहे. प्रकाश समोरून सरळ पडला की चेहरा सपाट दिसतो. तो बाजूने आला की उंचवटे आणि खोलगट भाग स्पष्ट होतात. मागून आला की पात्राची कडा उजळते आणि आकृती गडद होते. भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो आणि सावल्या पायाखाली जमतात. सकाळी व सायंकाळी त्या लांब होतात व रंगही ऊबदार होतो.

हे समजण्यासाठी खेळ सुरू करण्याची गरज नाही. सायंकाळी उज्जैनच्या रस्त्याच्या कडेने किंवा सोयाबीनच्या शेताच्या बांधाने चालत जावे आणि स्वतःच्या सावलीकडे, समोरून येणाऱ्या माणसाच्या गालावरील उजेडाकडे लक्ष द्यावे. बैलाच्या पाठीवर उन्हाची कडा कशी चमकते, उडालेली धूळ सूर्याच्या बाजूने पाहिल्यास कशी उजळते, हे नीट पाहावे. मग खेळातील प्रकाशाची भाषा आपोआप वाचता येऊ लागते. 'माइनक्राफ्ट' मध्ये संपूर्ण दिवस आणि रात्र मिळून आपली २० मिनिटे लागतात. त्यामुळे मावळतीचे चित्र एकदा हुकले तर २० मिनिटांनी पुन्हा संधी येते. आपल्या शेतावरच्या मावळतीसाठी मात्र उद्याची वाट पाहावी लागते. या दोहोंतील फरक ज्याला उमजला, तो दोन्हींची किंमत जाणतो.

सर्वच खेळांत सावल्या खऱ्यासारख्या पडत नाहीत. काहींत त्या पायाखालच्या गोल डागापुरत्याच असतात. अशा वेळी मशाल, दिवा, पाण्यावरील चमक किंवा काळोख्या गुहेचे तोंड यांच्याजवळ पात्र नेऊन उजेड-अंधाराचा भेद साधावा.

चौथा पाठ : चौकट आणि क्षण

खेळताना पडद्यावर गुण, नकाशा, शक्ती दाखविणाऱ्या पट्ट्या आणि इतरांचे संदेश दिसत असतात. चित्र घेण्यापूर्वी हे सर्व दूर करावे. 'माइनक्राफ्ट' च्या वर सांगितलेल्या आवृत्तीत एफ १ या कळीने ते नाहीसे होते आणि एफ २ या कळीने चित्र टिपले जाते. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' मध्ये आल्ट आणि झेड या कळा एकत्र दाबल्या की पडदा मोकळा होतो. इतर खेळांत ही सोय कोठे आहे, हे त्याच्या सेटिंगमध्ये पाहावे.

नंतर पडद्याचे आडवे तीन आणि उभे तीन भाग मनातल्या मनात पाडावेत. पात्र अगदी मध्यावर ठेवण्यापेक्षा या रेषांपैकी एकीवर ठेवले तर चित्राला गती येते. पात्र ज्या दिशेला पाहत आहे, त्या बाजूस अधिक मोकळी जागा सोडावी. नाहीतर ते भिंतीवर आदळते आहे असे वाटते. झाडाची फांदी किंवा खांब त्याच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसत नाही ना, हेही तपासावे. मात्र हे नियम पायवाटेसारखे आहेत. राजसभेतील सिंहासन किंवा मंदिराचा गाभारा दाखवावयाचा असेल, तर पात्र बरोबर मध्यावरच शोभते.

१९९९ साली 'पोकेमॉन स्नॅप' नावाचा एक खेळ निघाला. त्यात युद्ध नव्हते; प्राण्यांची चित्रे घेणे एवढेच काम होते. चित्राला गुण देताना प्राण्याचा आकार, त्याची ठेवण आणि चौकटीतील त्याचे स्थान पाहिले जाई. म्हणजे चित्र घेणे हाच एक पूर्ण खेळ होऊ शकतो. २००६ साली इव्हा आणि फ्रँको मॅटिस या कलावंत जोडप्याने 'सेकंड लाइफ' या ऑनलाइन जगातील तेरा पात्रांची चित्रे व्यक्तिचित्रे म्हणून कलाप्रदर्शनात मांडली. यावरून या कामाकडे गंभीरपणे पाहणारे लोक आहेत, हे लक्षात येईल.

पाचवा पाठ : विवेक

आता थोडे महत्त्वाचे सांगावयाचे आहे. ऑनलाइन खेळात आपल्या पात्राच्या आसपास जी इतर पात्रे वावरत असतात, त्यांच्यामागे खरी माणसे असतात. त्यांचे नाव किंवा संदेश आपल्या चित्रात येत असेल, तर चित्र इतरांना दाखविण्यापूर्वी तो भाग झाकावा, नाहीतर त्यांची परवानगी घ्यावी. एखाद्याची फजिती टिपून ती चारचौघांत पसरविणे हा विनोद नव्हे. स्वतःचे खरे नाव, शाळा, पत्ता आणि संकेतशब्द तर चित्रात कधीच दिसू नयेत.

दुसरी गोष्ट श्रेयाची. ती झाडे, ते किल्ले आणि ते आकाश कोणीतरी परिश्रमाने तयार केलेले असते. चित्राची निवड आपली असते, परंतु जग त्यांचे असते. म्हणून चित्राखाली खेळाचे नाव लिहिण्याची सवय ठेवावी. दुसऱ्याने घेतलेले चित्र आपले म्हणून मुळीच देऊ नये.

तिसरी गोष्ट पैशाची. अनेक खेळांत पात्राचे पोशाख विकत मिळतात, आणि त्यांच्यासाठी मुले वडिलांकडे हट्ट धरतात. विद्यार्थ्यांनी वर सांगितलेले अण्णा साळुंके आठवावेत. एकाच नटाचा राम आणि सीता झाला, तो केवळ वस्त्रांच्या जोरावर झाला नाही. साधा पोशाख घातलेले पात्र योग्य उजेडात, योग्य जागी उभे केले, तर महागड्या पोशाखातील निर्जीव पात्रापेक्षा ते शतपटीने चांगले दिसते. 'माइनक्राफ्ट' मधील चेहऱ्याचे ते ६४ चौकोन तर आलेखाच्या वहीवर कोणालाही रंगविता येतात. फेटा, नऊवारी लुगडे, वारकऱ्याचा गंध, जे हवे ते आपण स्वतः आखू शकतो. त्याला एक पैसाही पडत नाही, आणि ते पात्र खऱ्या अर्थाने आपले होते.

छपाईविषयी दोन शब्द

पडद्यावर सुंदर दिसणारे चित्र कागदावर कधी कधी पुसट येते. याचे कारण बिंदूंच्या संख्येत आहे. १९२० × १०८० मापाच्या पडद्यावर एकूण २०,७३,६०० बिंदू असतात. चांगल्या छपाईस एका इंचात ३०० बिंदू लागतात असे धरले, तर हे चित्र सुमारे ६.४ इंच रुंद आणि ३.६ इंच उंच एवढेच स्वच्छ छापले जाईल. त्यातील अर्धी रुंदी कापून टाकली तर छापील रुंदीही अर्धी होईल. यास्तव चौकट आधीच नीट ठरवावी. मूळ चित्र पीएनजी प्रकारात राखून ठेवावे. जेपीजी प्रकारात वारंवार साठविल्याने त्याचा दर्जा उतरत जातो.

स्वाध्याय

१. एका आठवड्यात केवळ १२ चित्रे घ्यावयाची, असा नियम करावा. प्रत्येक चित्रापूर्वी 'हे चित्र मी का घेत आहे?' याचे उत्तर वहीत एका वाक्यात लिहावे.

२. एकच पात्र, एकच वेष आणि एकच जागा ठेवून सकाळ, दुपार, सायंकाळ व रात्र अशी चार चित्रे घ्यावीत आणि त्यांतील भाव कसा बदलला ते लिहावे.

३. पात्राचा चेहरा न दाखविता आनंद, भीती आणि प्रतीक्षा हे तीन भाव दाखवावेत.

४. ज्यांच्याजवळ संगणक नाही त्यांनी हाच अभ्यास कागदावर करावा. पुठ्ठ्यात एक आयताकृती खिडकी कापावी आणि तिच्यातून गावातील घर, झाड, वाटसरू पाहून सर्वांत चांगली चौकट शोधावी. तिचे पेन्सिलीने रेखाचित्र काढावे. हा अभ्यास पहिल्या तीनपेक्षा तिळभरही कमी प्रतीचा नाही.

बारा चित्रे झाल्यावर ती आई-वडिलांना दाखवावीत आणि प्रत्येकाखाली लिहिलेले वाक्यही वाचून दाखवावे. ज्या चित्राचे कारण सांगता येत नाही, ते बाजूला ठेवावे. जे उरतील ते कदाचित तीन किंवा चारच असतील. पण ती निवड तुमची स्वतःची असेल. एवढे साधले की खेळाचा पडदा बंद केल्यावरही डोळे उघडे राहतात, आणि शाळेच्या वाटेवरचा रोजचा उजेडही नव्याने दिसू लागतो.